रजिस्टर, क्यूआर की आरएफआयडी? यंत्रांचा हिशोब ठेवायला पन्नास खाटांच्या हॉस्पिटलने काय घ्यावं

आयसीयूतला सिरिंज पंप (औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं छोटं यंत्र) पेशंटबरोबर वॉर्डात जातो आणि तिथल्याच कपाटात मुक्काम ठोकतो. रात्री ऐनवेळी मिळत नाही म्हणून सिस्टरच तो दडवून ठेवतात. त्यांचंही बरोबरच आहे. रजिस्टरमध्ये मात्र पंप आयसीयूतच असतो.

तरी रजिस्टरला हसू नका. सरकारी रुग्णालयात डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) सुटत नाही, निर्लेखनाच्या, म्हणजे जुनी वस्तू हिशोबातून काढण्याच्या वेळी तेच काढावं लागतं. खरेदीची तारीख, किंमत, सिरियल नंबर एवढ्यापुरतं ते चोख. कॅलिब्रेशनची (मशीन अचूक मोजतंय का या तपासणीची) मुदत टळली, किंवा ज्याला सीएमसी (सुट्या भागांसकट देखभालीचा करार) समजत होतो ती साधी एएमसी (भाग सोडून देखभालीचा वार्षिक करार) निघाली आणि सुट्या भागांचं बिल आलं, हे मात्र ते आपण होऊन सांगत नाही.

इथे क्यूआर कामाला येतो. मोबाइलने स्कॅन केलं की मशीनची दुरुस्ती, करार, पुढची तारीख समोर. या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, स्नाइप-आयटी किंवा आपल्या मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट, ओपन सोर्स आहे. लायसन्सचे पैसे वाचतात. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. स्टिकर कागदी घेऊ नका, रोजच्या स्पिरिट-हायपोक्लोराइटच्या पुसण्याने उडतो. पॉलिएस्टरचं लेबल घ्या आणि बॅटरीच्या झाकणावर चिकटवू नका. झाकण बदललं की ओळखही गेली. मोठी उणीव एकच: कुणी स्कॅन केलं नाही, तर काहीच कळत नाही.

आरएफआयडीत, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगमध्ये, ती अडचण नाही, दारावरचा रीडर आपोआप नोंद घेतो. साध्या, पॅसिव्ह टॅगला बॅटरीही लागत नाही. पण धातू आणि पाणी दोन्ही त्याचे वैरी, आणि हॉस्पिटलात स्टीलच्या ट्रॉल्या नि सलाइनच्या बाटल्यांशिवाय आहे काय? धातूवर चालणारे टॅग वेगळे आणि महाग. शिवाय पंप कुठल्या दारातून गेला एवढंच कळतं, कुठल्या कपाटात आहे ते नाही. त्यासाठी बॅटरीवाले ॲक्टिव्ह टॅग, म्हणजे बदलायला आणखी बॅटऱ्या.

माझं मत क्यूआरला. पन्नास खाटांत वस्तू हरवण्यापेक्षा तारखा जास्त हरवतात. आरएफआयडीचा विचार अनेक मजले आणि शेकडो फिरते पंप असतील तरच करा.

सोनोग्राफी मशीनचं मात्र वेगळं. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली त्याची नोंद जागेशी बांधलेली असते. कुठलाही टॅग लावा, समुचित प्राधिकाऱ्याकडची (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडची) कागदपत्रं स्वतंत्रपणे सांभाळावीच लागतात.