टेली मानस १४४१६ (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) : जेलमधल्या गरोदर बहिणीसाठी घेतलेली मदत

रिव्ह्यू लांब होणारे, पण ज्यांच्या घरातली बाई आत आहे आणि तिला दिवस गेलेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण आम्हाला त्यावेळी हे सांगणारं कुणीच नव्हतं.

माझी धाकटी बहीण इथंच सोलापुरात युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात पॉवर मशीनवर होती. पहिलं सिझर झालं आणि दोन महिन्यांत परत मशीनवर बसली, कंबर धरायची म्हणून कुणीतरी ट्रामाडॉलची, म्हणजे अफूच्या जातीतल्या दुखण्यावरच्या औषधाची, गोळी दिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या दहा. ही गोळी २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण तिला मिळत होती. आम्हाला घरी पत्ता नाही. पुढं पैशांच्या एका केसमध्ये तिला अटक झाली तेव्हा पाचवा महिना चालू होता. कुठलं जेल ते लिहीत नाही.

पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा मे महिना, बाहेर ऊन असं की चप्पल चिकटायली रस्त्याला, आणि ही काचेपलीकडं शाल घेऊन बसलेली. हातावर काटा आलेला, नाक गळतंय, सारख्या जांभया. फोनवर म्हणाली, "ताई, थंडी वाजायली गं, हाडं कुणी ठेचल्यागत दुखायलीत, काल रात्रीपासनं जुलाब थांबेनात." आत तिला नाटक करते म्हणत होते. एका मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बरं झालं उलट, आपोआप व्यसन सुटतंय, बाळालापण चांगलं. आणि खरं सांगते, मलापण तेच वाटलं होतं. गोळी बंद म्हणजे बाळ सुखरूप, एवढंच डोक्यात.

घरी आले पण झोप लागेना. रात्री अकराला १४४१६ लावला. हा सरकारचा टेली मानस नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय, चोवीस तास आणि फुकट. मराठी निवडलं. ज्या ताई बोलल्या त्यांनी किती आठवडे, कुठली गोळी, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, बाळ हलतंय का, अंगावरून जातंय का, सगळं एकेक करून विचारलं. काय गुन्हा केलाय हे मात्र एकदापण विचारलं नाही. मी तिथंच रडले.

मग त्यांनी वरच्या डॉक्टरांना, म्हणजे मानसोपचार तज्ज्ञांना जोडून दिलं आणि डॉक्टरांनी जे समजावलं ते मी युनिफॉर्मच्या कटिंगच्या कागदावर मागून लिहून घेतलं. गरोदरपणात अशी गोळी एकदम तोडायची नसते. उलट्या जुलाबानं अंगातलं पाणी जातं, पोटात कळा येतात, बाळावर ताण येतो. शिवाय काही दिवस बंद राहिली की शरीराची सवय मोडते, आणि सुटून आल्यावर बाईनं जुन्या हिशोबानं गोळ्या घेतल्या तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून गरोदर बाईला गोळी तोडायला लावण्यापेक्षा त्याच जातीचं मेथाडोन नाहीतर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली रोज चालू ठेवायचं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच असं सांगितलंय. एका व्यसनाऐवजी दुसरं असं वाटतं ऐकून, मीपण तसं म्हणाले, तर डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी रोज घेतो त्याला आपण व्यसन म्हणतो का?

हे औषध फोनवर मिळत नाही हे लक्षात ठेवा, पेशंटला समोर बघावंच लागतं. त्यांनी सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं पण आत असलेल्या बाईला नेणार कसं, तर त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, नंबर १५१००. वकील मॅडमनी कोर्टात अर्ज केला, त्यात मानसिक आरोग्य कायदा २०१७ घातला कारण व्यसनाचा आजार त्यात येतो, आणि गरोदर कैद्यांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकालपण. तरी नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांचा राग अजून जात नाही, अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि ती तिथं भिंतीला पाठ लावून बसलेली.

कोर्टाच्या ऑर्डरनंतर पोलीस गाडीतून तिला दवाखान्यात आणलं. मानसोपचारवाल्या डॉक्टर मॅडमनी आधी बाळाचे ठोके बघितले, मग जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची छोटी गोळी ठेवली, गिळायची नाही, विरघळू द्यायची. त्रास चालू झालेला असतानाच पहिली गोळी देतात, पोटात जुनी गोळी ताजी असली तर उलटा त्रास वाढतो. ही साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. तासाभरानं तिनं शाल काढून घडी घातली आणि म्हणाली, "ताई, भूक लागली." दहा बारा दिवसांत पहिल्यांदा. मी पिशवीतली शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली, शिपाई मॅडमनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, त्यांचे उपकार विसरणार नाही.

नंतर डॉक्टर मॅडमनी जेलच्या डॉक्टरांना पत्र दिलं, रोज समोर बसवून गोळी द्या, शेवटच्या महिन्यांत डोस वाढवावा लागू शकतो, पुढं काय बघायचं. जेलचे डॉक्टर वाईट नव्हते हो, त्यांना हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पत्र मिळाल्यावर त्यांनी स्वतः दोनदा मॅडमना फोन करून विचारलं आणि त्यानंतर एक दिवस खाडा नाही.

पोरगी झाली, दोन किलो सहाशे. तीन दिवसांची असताना हातपाय थरथरायला लागले, सारखी रडायची, पण असं औषध घेणाऱ्या आईच्या बाळाला हे होऊ शकतं आणि यावर इलाज आहे हे आधीच सांगितलेलं म्हणून आम्ही घाबरलो नाही. अंधार केलेल्या खोलीत छातीशी धरून ठेवायचं, अंगावरचं दूध पाजायचं, हे औषध चालू असताना पाजता येतं. आठव्या दिवशी थरथर थांबली.

टेली मानसला पाचपैकी पाच. फोन करताना गोळीचं नाव, रोजचा आकडा आणि कितवा महिना हे कागदावर लिहून जवळ ठेवा, आणि मुलाखतीला जाल तेव्हा हातावर काटा आलाय का ते बघा, गोळी एकदम तुटल्याची ती खूण असू शकते.