टिपण घ्या, अहवाल राहू द्या

फौजदारी खटल्यातली वैद्यकीय कागदपत्रं तपासून मत देणारी एक खासगी सेवा कोल्हापुरात आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. बचावाच्या वकिलाला तिथे दोन गोष्टी मिळतात: उलटतपासाचं टिपण आणि सहीशिक्क्याचा अहवाल. पैसे वसूल होतात ते टिपणात.

समजा आरोप कोयत्याचा आणि जखम डोक्यावर. डोक्याच्या कातडीखाली लगेच हाड, म्हणून काठीच्या फटक्यानंही कातडी सरळ रेषेत फाटते आणि सीएलडब्ल्यू, म्हणजे बोथट माराची चेंगरून फाटलेली जखम, कापीव जखमेसारखी दिसते. टिपणात प्रश्न क्रमानं येतात. कडा भिंगातून पाहिल्या का? केसांची मुळं चेंगरली होती का? जखमेच्या बुडाशी न तुटलेले तंतू होते का? मुद्देमालातला कोयता डॉक्टरांना दाखवून मत घेतलं का? 'काठीनंही होऊ शकते ना?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. तो आधी विचारला की डॉक्टर सावध झालेच.

अहवालाचं मात्र तसं नाही. निष्कर्ष ठसठशीत, कारणं दोन ओळींत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 नं तज्ज्ञाचं मत ग्राह्य होतं, पण वजन ठरतं कारणांवरून, आणि ती कलम 45 मध्ये येतात. शिवाय खासगी डॉक्टरचा कागद नुसता दाखल करून भागत नाही, त्यांना पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 ची सवलत आहे ती रासायनिक विश्लेषकासारख्या सरकारी शास्त्रीय तज्ज्ञांना. इथल्या फीमध्ये साक्ष धरलेलीच नाही! आणि ज्यांनी जखमी पाहिलाच नाही त्यांचं मत सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, टाके घालणाऱ्या डॉक्टरपुढे सहसा फिकं पडतं.

आणखी एक चूक अहवालाच्या छापील नमुन्यातच आहे. तीव्र वेदना किती दिवस राहिली की दुखापत गंभीर धरायची, तिथे अजून '20 दिवस' छापलेत. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 116 लागतं, तिथे 15 दिवस आहेत. सतरा दिवस तीव्र वेदनेत काढलेल्या जखमीच्या केसमध्ये ही चूक महागात पडेल. त्याआधीच्या घटनेला 20 दिवसच धरायचे.

प्रत्यक्षदर्शी भक्कम असेल तर या सेवेकडून चमत्काराची अपेक्षा नको. साक्षीदार सांगतो तसं घडणं शक्यच नाही, इथवर वैद्यकीय पुरावा गेला तरच त्याची साक्ष ढासळते. 'असंही होऊ शकतं' एवढ्यानं नाही.

जाताना केस पेपरची पूर्ण नक्कल न्या, नुसतं जखमेचं प्रमाणपत्र नको. फोटो मूळ फाइलमधले द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत बारकावे पुसले जातात आणि कडांबद्दल काहीच सांगता येत नाही.