शेळीपालनाचं प्रशिक्षण देणाऱ्यांनी जे मुद्दाम शिकवलं नाही

प्रशिक्षण, प्रमाणपत्र, जातिवंत जनावरं, विमा, आजारपणात फोनवर डॉक्टर आणि तयार झालेली करडं परत विकत घेण्याची लेखी हमी, हे सगळं एकाच छताखाली देणारी संस्था समोर आली तर सही करायच्या आधी हे वाचा. आमच्या घराला अशाच एका संस्थेनं लुबाडलं. आमच्याबरोबर त्याच वर्गात बसलेली आणखी बरीच कुटुंबं बुडाली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचं काम अजून चालू आहे आणि अशी माणसं पाटी बदलून पुन्हा उभी राहतात. नाव ओळखण्यापेक्षा पद्धत ओळखलेली बरी.

मी आणि माझा धाकटा दीर, दोघं प्रशिक्षणाला गेलो होतो. शिकवणं वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. सानेन ही दुधाची जात मूळची स्वित्झर्लंडची, बोअर ही मांसाची जात दक्षिण आफ्रिकेची, कोणाला कसलं हवामान मानवतं, गोठा उंचावर आणि कोरडा का हवा, हिरवा आणि वाळला चारा किती प्रमाणात द्यायचा, हे सगळं बरोबर होतं. नंतर पुस्तकांत ताडून पाहिलं, तिथंही तेच. म्हणूनच वर्गातल्या कोणालाही संशय आला नाही. आता वही उघडून बसलं की दिसतं, त्यांनी खोटं फार कमी सांगितलं. जनावर विकत घेताना जे जे तपासावं लागतं, तेवढंच नेमकं गाळलं होतं.

शेळीचं वय दातांवरून कळतं. खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असतात, वर दात नसून नुसती कडक हिरडी असते. साधारण वर्ष-सव्वा वर्षानंतर मधले दोन दुधाचे दात पडून मोठे येतात. दोन वर्षांच्या आसपास चार, तिसऱ्या वर्षाकडे सहा आणि चौथ्याच्या सुमारास आठही पक्के होतात. पुढे ते झिजतात, त्यांत फटी पडतात, मग तुटायला लागतात. हे शिकायला अर्धा तास पुरतो. आमच्या वर्गात या विषयाचं एक अक्षरही निघालं नाही. शेवटच्या दिवशी जनावरं दाखवायला नेलं तेव्हा माझ्या दिराने एका शेळीचा ओठ उचलायला हात पुढे केला. शिकवणारे लगेच म्हणाले, "दादा, ते डॉक्टरांचं काम. चावेल, जनावर बिथरेल. आमच्याकडे प्रत्येकीचं वय कागदावर आहे." आवाज इतका काळजीचा होता की सगळे मागे सरकले.

जनावरं घरी आली त्यानंतर गावाबाहेरून एक पशुवैद्यक बाई दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या. कागदावर 'दोनदाती' लिहिलेली शेळी त्यांनी दोन गुडघ्यांत धरली, अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढला आणि मला जवळ बोलावलं. आठही दात होते, लांब झालेले, पिवळे, मध्ये काडी जाईल एवढी फट, आणि एक दात अर्ध्यात मोडलेला. अशी शेळी चारा नीट तोडू शकत नाही, म्हणून कितीही खायला घाला, अंगाला लागत नाही. "ही कधीच दोनदाती नव्हे ताई, हिची बरीच वेतं झालीत आता," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढची शेळी धरली. तिचंही तेच निघालं.

मग त्यांनी कान पाहिला, आणि फसवणुकीचा सगळ्यात पक्का पुरावा तिथं सापडला. प्रत्येक शेळीबरोबर लसीकरणाचं कार्ड होतं. कार्डावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लस टोचल्याची दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. कानातलं भोक मात्र ओलं होतं, कडेला रक्ताची खपली, बोट लावताच शेळी मान झटकायची. बिल्ल्याची जखम काही आठवड्यांत भरून कोरडी होते. म्हणजे बिल्ला नुकताच, बहुधा गाडीत चढवताना, टोचला होता. ज्या नंबरावर दोन महिन्यांपूर्वी लस दिली म्हणतात, तो नंबर तेव्हा त्या कानात नव्हताच. बाईंनी सांगितलं म्हणून आम्ही कान आणि कार्ड एकाच फोटोत येतील असे फोटो काढून ठेवले. आज तक्रारीत सगळ्यात जास्त कामाला येतात ते हेच फोटो.

लस खोटी असली की काय होतं ते लवकरच दिसलं. आधी दोन शेळ्यांना ताप आला, नाकाडोळ्यांतून पाणी, मग घट्ट शेंबूड, तोंडात फोड, पातळ हगवण, धाप. पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा विषाणूमुळे होणारा साथीचा रोग. हा रोग पहिल्यांदा १९४२ साली आयव्हरी कोस्टमध्ये नोंदला गेला. गुरांच्या बुळकांडीचा हा सख्खा भाऊ. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, आणि पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं उद्दिष्ट जागतिक संस्थांनी ठेवलंय. तसं ठरवता येतं, कारण याची लस खरोखर चांगली आहे. थंड साखळी सांभाळून, म्हणजे लस टोचेपर्यंत सतत थंड ठेवून, नीट दिलेला एक डोस काही वर्षं पुरतो. विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण चार ते सहा दिवसांत ताप चढतो. बाजाराबाजारातून गोळा केलेली जनावरं एका गाडीत कोंबून आणली की काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

संस्थेच्या मदत क्रमांकावर फोन केला तर उत्तर मिळालं, "लसीचा ताप असतो ताई, दोन दिवसांत उतरेल. जागा बदलल्याचा ताण आहे." दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या लसीचा ताप आता कसा, याला उत्तर नव्हतं. त्या दोन दिवसांत आमच्या जुन्या, घरच्या शेळ्यांनाही लागण झाली. वर्गात सांगितलं होतं की, "आमचं जनावर लस झालेलं असतं, सरळ कळपात सोडा, वेगळं ठेवलं तर खात नाही." जगात कुठेही नवं आणलेलं जनावर तीन-चार आठवडे वेगळं ठेवतात, त्याचं चारापाणी वेगळं, आणि त्याच्याकडे जाताना चप्पलसुद्धा वेगळी. आमच्या जुन्या शेळ्या गेल्या, त्या या एका वाक्यामुळे. विकलेलं जनावर खराब निघालं तर पैशाचं नुकसान होतं. घरात जन्मलेल्या, नावानं हाक मारली की येणाऱ्या शेळ्या त्यांच्यामुळे गेल्या, त्याची भरपाई कुठल्या कागदावर मागायची?

कासेबद्दलही तेच. गाभण म्हणून जादा पैसे घेऊन दिलेल्या शेळ्यांपैकी एकीचा एक सड जुन्या कासदाहाने निकामी झालेला होता, आत सुपारीएवढी गाठ. घेताना दोन्ही सडांची एकेक धार काढून पाहिली असती तर समजलं असतं, पण 'गाभण शेळीच्या कासेला हात लावू नका' हा त्यांचा नियम होता. तिला जुळी झाली आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, एकापुरताच उतरला. करडाला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर रोगाशी लढायची ताकद त्याच्या अंगात येत नाही, आणि दिवस उलटला की आतडं ती शोषूनच घेत नाही. दुसरी एक शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ अकाली पडला. वार हातानं उचलून टाका, असं फोनवर सांगितलं गेलं. असं कधीही करू नका. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग असू शकतो, तो माणसाला लागतो आणि ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही. हातमोजे घाला आणि रक्त तपासून घ्या.

वर्गात एक मेंढपाळ काका होते. त्यांचा घाव सगळ्यात खोल. 'सर्वांसाठी एकच' म्हणून संस्थेनं विकलेलं खनिज मिश्रण त्यांनी मेंढ्यांना घातलं. मेंढीला तांबं सोसत नाही. शेळी किंवा गाय जेवढं पचवते तेवढं तिच्या यकृतात साठत जातं, आणि एके दिवशी एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे पडतात, लघवी कॉफीसारखी गडद होते आणि धडधाकट दिसणारी मेंढी बघता बघता जाते. काकांनी मदत क्रमांकावर विचारलं तर जंताचं औषध आणखी एक डोस द्या म्हणून सांगितलं, तेही त्यांच्याकडूनच घेऊन.

हमीच्या कराराकडे वळते. त्यांच्या तक्त्यात एक शेळी वर्षाला दोनदा विते, दर वेताला दोन करडं, आणि सगळ्या पाटीच, म्हणजे मादी करडंच. शेळी गाभण राहते सुमारे १५० दिवस. पुढे करडं पाजायची, अंग भरायचं, मग माज. उत्तम निगा असेल तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. पहिल्या वेताला बहुतेकदा एकच करडू, निम्मे बोकड, आणि काही दगावतातच. पाट फळवण्याइतकी मोठी व्हायलाच आठ-दहा महिने लागतात. म्हणजे पहिल्या वर्षी जन्मलेल्या पाटींपासून त्याच वर्षी पिल्लं, हे त्यांच्या तक्त्याशिवाय कुठंच घडत नाही. करारात करडं परत घेण्याची हमी होती खरी, पण ठरलेल्या वयाला ठरलेलं वजन हवं, खाद्य त्यांचंच हवं, आणि निरोगी असल्याचा दाखला त्यांच्याच डॉक्टरचा हवा. तो डॉक्टर कधी आला नाही. दाखला नाही म्हणून खरेदी नाही. आमच्या वर्गातल्या कोणाचंही एक करडू त्यांनी परत घेतलं नाही.

विम्याचे पैसे त्यांनी आधीच कापून घेतले होते. पावती संस्थेच्या नावाची होती, विमा कंपनीची पॉलिसी कुणाच्याच हातात नव्हती. कंपनीत चौकशी केली तेव्हा आमच्या बिल्ल्यांचे नंबर त्यांच्याकडे नव्हतेच. पॉलिसी तुमच्या नावाची आणि तुमच्या जनावराच्या नंबराची नसेल तर तो विमा नाही.

खरं प्रशिक्षण मी नंतर पाहिलं, त्याच पशुवैद्यक बाईंच्या ओळखीनं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना शेळीचं तोंड उघडायला लावलं. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायला शिकवलं. लाल-गुलाबी असेल तर ठीक, फिकट पांढरी असेल तर पोटात रक्त पिणारे जंत असण्याची दाट शक्यता. या तपासणीसाठी दक्षिण आफ्रिकेत बनलेला पाच रंगांचा तक्ता असतो. दर महिन्याला सरसकट औषध पाजलं की जंतच औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून पापणी पाहून गरज असेल त्यालाच पाजायचं. शेळीला बऱ्याच औषधांची मात्रा मेंढीपेक्षा जास्त लागते, ती डॉक्टरला विचारूनच द्यायची. मेलेलं जनावर पुरायच्या आधी शवविच्छेदन करून घ्यायचं, हेही तिथंच कळलं. तिथं विकायला एकही शेळी नव्हती, खाद्याचं पोतंही नव्हतं.

तुमच्याकडे असा करार झाला असेल आणि जनावरं अजून यायची असतील तर उरलेले पैसे थांबवा. गाडी आली तर उतरवून घेण्याआधी तुमचा स्वतःचा पशुवैद्यक उभा करा, दात आणि कान त्यानं पाहिल्याशिवाय पावतीवर सही करू नका. आली असतील तर ती जुन्या कळपापासून आजच वेगळी बांधा. कार्डं, पावत्या, फोनवरचे निरोप काहीही पुसू नका. जनावर मेलं तर बिल्ला काढून फेकू नका, कानासकट फोटो घ्या आणि डॉक्टरकडून मृत्यूचं कारण लेखी घ्या. तक्रार एकट्यानं करू नका. आम्ही वर्गातल्या हजेरीच्या यादीवरून एकेकाला गाठलं, तेव्हा कळलं की एकाच नंबराचा बिल्ला दोन घरांतल्या शेळ्यांच्या कानात होता. तुमच्या वर्गातल्या लोकांनाही आपापले नंबर समोरासमोर ठेवायला सांगा.