हुरडा पार्टीच्या आगाऊ नोंदणीत १४,१७५ रुपये गेले. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे वाचावे

जानेवारीतल्या एका रविवारी घरच्या मुलांना शेतावर हुरडा खायला नेण्यासाठी मी आधी ३,००० रुपये, मग ६,१७५ रुपये आणि शेवटी ५,००० रुपये भरले, आणि ते सगळेच्या सगळे गेले. आकडे सुरुवातीलाच देत आहे, कारण "एवढ्याशा रकमेसाठी कशाला ओरड करता" असे मला पोलीस ठाण्यापासून नातेवाइकांपर्यंत अनेकांनी ऐकवले आहे. ज्या घरात दोघेही नोकरी करून मुलांच्या शाळेच्या फीचा मेळ घालतात, त्या घरात १४,१७५ रुपये ही एवढीशी रक्कम नसते.

आम्ही पुण्यात राहतो. सोलापूर रस्त्याने दौंडच्या बाजूला एक कृषी पर्यटन केंद्र आहे. केंद्र खरे आहे, मालक खरे शेतकरी आहेत आणि या प्रकाराशी त्यांचा काहीही संबंध नाही, म्हणून त्यांचे नाव मी लिहीत नाही. जाऊबाईंच्या मैत्रिणी मागच्या हिवाळ्यात तिथे जाऊन आल्या होत्या आणि त्यांनी कौतुक केले होते. मोबाइलवरच्या नकाशात मी ते नाव शोधले तेव्हा फोटो, लोकांचे अभिप्राय, रस्ता, वेळा, सगळे जागच्या जागी होते. फक्त फोन नंबर खोटा होता. नकाशावरच्या नोंदीत कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि ती दुरुस्ती मान्य झाली की खऱ्या मालकाच्या नंबरच्या जागी भामट्याचा नंबर बसतो, हे मला नंतर कळले. अभिप्राय खरे असले म्हणून नंबरही खरा, असे कृपया धरून चालू नका. दोन्ही गोष्टी एकाच पानावर दिसत असल्या तरी त्या लिहिणारी माणसे वेगळी असतात.

हुरड्याचा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. त्यात शनिवार-रविवार आधीच भरून जातात. मोठ्या माणसांना जागा मिळाली नाही तर ती वाटेत कुठेही जेवून परत येऊ शकतात, पण तीन वर्षांचे मूल दीड तास गाडीत बसून गेले की त्याला वेळेवर जेवण, दुपारी झोपायला सावली आणि स्वच्छ शौचालय लागतेच. म्हणून ज्यांना लहान मुले आहेत तेच लोक आगाऊ नोंदणी करतात, आगाऊ पैसे भरतात आणि आधी फोन करून बारीकसारीक चौकशी करतात. फसवणारा नेमका याच चौकशीवर जगतो. शेततळ्याला कुंपण आहे का, धाकट्यासाठी कमी तिखटाचे काही मिळेल का, दूध गरम करून देतील का, असे मी विचारत गेले आणि तो माणूस प्रत्येक प्रश्नाला हवे तेच उत्तर देत गेला. "ताई, काळजीच करू नका, बाळासाठी बिनतिखटाचं पिठलं वेगळं करायला लावतो. शेततळ्याला जाळी आहे. आजींसाठी खुर्च्या टाकून ठेवतो." सासूबाई बरोबर येणार आहेत हे मीच बोलता बोलता त्याला सांगितले होते.

त्याने व्हॉट्सॲपवर दिवसभराचा बेत पाठवला: सकाळी मिसळ, अकराला भट्टीवर भाजलेला हुरडा, सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, दही, गूळ, रेवड्या, बोरे, उसाचा रस; दुपारी पिठले-भाकरी आणि वांग्याचे भरीत; मग बैलगाडी आणि पतंग. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि पर्यटन संचालनालय अशा केंद्रांची नोंदणी करते. त्या नोंदणीच्या प्रमाणपत्राचा फोटोही त्याने पाठवला. तो फोटो खऱ्या केंद्राच्याच प्रमाणपत्राचा होता. व्हॉट्सॲपवर आलेला कोणताही कागद हा पुरावा नव्हे, कारण खऱ्या कागदाचा फोटो कोणीही पुढे ढकलू शकतो.

दर सांगितला तो मोठ्यांना ९५० रुपये, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना निम्मे आणि त्याखालच्यांना मोफत. आम्ही मोठी पाच माणसे आणि निम्म्या दराची तीन मुले, म्हणजे एकूण ६,१७५ रुपये. "स्वस्त दिसले की संशय घ्यावा" असे मला आता जे शिकवतात, त्यांना मी सांगते की त्या केंद्राचा खरा दर ८०० रुपये आहे. मी खऱ्यापेक्षा महाग दराने फसले आहे. स्वस्ताईच्या मोहाचा इथे प्रश्नच नव्हता.

आता त्या क्षणाबद्दल, ज्याचा विचार केला की अजूनही माझा जळफळाट होतो. आगाऊ ३,००० रुपये भरण्यासाठी मी त्याने दिलेला नंबर ॲपमध्ये टाकला, आणि पैसे पाठवण्याच्या बटणाच्या वर खातेदाराचे नाव आले. ते केंद्राचे नाव नव्हते. मालकाचे नव्हते. बोलणाऱ्याने स्वतःचे म्हणून जे आडनाव सांगितले होते, तेही नव्हते. बँकेत नोंदवलेले नाव ॲप दाखवते ते याचसाठी, आणि माझा अंगठा तिथे थांबलाही होता. मी लगेच त्याला फोन करून विचारले. "आमच्या हिशेबनिसाचं खातं आहे ताई, शेतीचं खातं जिल्हा बँकेत आहे, त्याला ऑनलाइन नाही," असे तो एका दमात म्हणाला. हे उत्तर त्याच्याकडे तयारच होते. पण मला ते पटण्याजोगे वाटले, आणि का वाटू नये? गावाकडच्या किती तरी धंद्यांत पैसे मुलाच्या, सुनेच्या, पुतण्याच्या खात्यावर मागतात. दरवर्षी आम्ही आंब्याच्या पेट्यांचे पैसे बागायतदाराच्या जावयाच्या खात्यावर पाठवतो आणि पेट्या वेळेवर येतात. तरीही सांगते, बटणाच्या वरचे ते नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. उत्तर कितीही सरळ वाटले तरी पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की नोंदणी अर्ध्या रकमेवर पक्की होत नाही, यंत्रणा पूर्ण ६,१७५ रुपये एकरकमीच घेते, आणि ते भरले की आधीचे ३,००० आपोआप परत येतात. संध्याकाळी सहापर्यंत भरले नाहीत तर जागा दुसऱ्यांना जाईल. तोपर्यंत घरातल्या चारही मुलांना बैलगाडीचे सांगून झाले होते. मी कार्यालयात कामात होते; पैसे पाठवले. तासाभरात त्याने मुलांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून माणशी नव्हे, गटाला ५,००० रुपयांची परत मिळणारी अनामत मागितली. शेततळ्याजवळ मुलांवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस नेमणार होते म्हणे. मुलांच्या सुरक्षिततेचे नाव घेतल्यावर कुठली आई घासाघीस करते? भरलेली रक्कम "पुन्हा पूर्ण भरा, आधीची परत येईल" असे कोणीही म्हणाले, तर समजा की ते केंद्र नाही, हॉटेल नाही, कोणीच नाही.

रविवारी आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा तिथे कापडी फलक लावलेला होता: "आमचा खरा नंबर हाच. इतर नंबरवर पैसे भरू नयेत." मालक स्वतः पुढे आले. आम्ही काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "तुम्हीही पैसे भरून आलात का?" जवळपास प्रत्येक सुट्टीला असे एखादे कुटुंब त्यांच्या दारात उभे राहते आणि काही जण तर त्यांनाच चोर म्हणून भांडतात, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती, तरी त्यांनी मुलांना बैलगाडीतून एक फेरी मारून आणली आणि हुरड्याची एक परात आमच्यासमोर ठेवली. पैसे घेतले नाहीत. बिनतिखटाचे पिठले अर्थातच कोणी केलेले नव्हते; धाकट्याने हायवेवरच्या ढाब्यात कोरडा भात खाल्ला आणि परतीच्या वाटेवर तो रडून झोपला.

गाडीतूनच मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार दिली. पण पैसे शुक्रवारीच त्या खात्यातून पुढे गेलेले होते. हा क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, कारण रक्कम बँकेच्या खात्यांतून बाहेर काढली जाण्याआधीच रोखता येते. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांकही हाताशी ठेवा, तो पहिल्याच मिनिटाला विचारतात.

त्यानंतर जे झाले त्याचा मला पैसे गेल्यापेक्षा अधिक राग आहे. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे, म्हणून व्यवहार अनधिकृत धरता येत नाही. मी तसे म्हणतच नव्हते. ज्या खात्यात रोज अनोळखी कुटुंबांचे पैसे येतात आणि तासाभरात निघून जातात, त्या खात्याकडे कोणाचे लक्ष का नाही, एवढेच मी विचारत होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हद्दीचा निघाला. पैसे घरून पाठवले की कार्यालयातून? केंद्र तर ग्रामीण हद्दीत आहे. खाते परराज्यात आहे. मग खाते उताऱ्यावर बँकेचा शिक्का आणा म्हणाले. बँकेत गेले तर तिथले अधिकारी म्हणाले, पोलिसांचे पत्र आणा. सायबरचे काम पाहणारे साहेब बंदोबस्ताला गेले होते, आणि पुढच्या खेपेलाही बंदोबस्तालाच होते. शेवटी गुन्हा नोंदवण्याऐवजी माझा साधा तक्रार अर्ज घेऊन त्यावर पोच दिली, आणि वर एक हवालदार म्हणाले, "मॅडम, शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. हे मी त्यांना छापील कागदावर दाखवले. कागद वाचून परत दिला. अर्जाची पोच म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, हे लक्षात ठेवा आणि गुन्ह्याच्या नोंदीच्या (एफआयआरच्या) प्रतीसाठी हटून बसा. ठाण्यात दाद लागली नाही तर हीच माहिती पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाला लेखी, टपालाने पाठवता येते. मी तसे पाठवले आहे.

नकाशाच्या कंपनीला तो नंबर खोटा असल्याचे आम्ही घरातल्या सगळ्या फोनवरून कळवले. मालकांनीही कळवले. नंबर हटला आणि काही दिवसांनी त्याच नोंदीवर दुसरा खोटा नंबर आला. म्हणून नंबर नकाशावरून घेऊ नका. आधी जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या. शक्य असेल तर व्हिडिओ कॉल करून आवार दाखवायला सांगा; खरा शेतकरी फोन हातात घेऊन भट्टीपर्यंत चालत जाईल. पैसे तिथे पोहोचल्यावर देतो म्हणा आणि समोरचा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचे आरक्षणही शोधात वर आलेल्या कोणत्याही नंबरवर न करता महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा.

माझ्याशी बोललेला नंबर आजही सुरू आहे. गेल्या आठवड्यात माझ्या दिरांनी दुसऱ्या फोनवरून त्यावर चौकशी केली, तेव्हा एप्रिलमधल्या रविवारीही हुरडा मिळेल, लहान मुलांची वेगळी सोय होईल आणि आगाऊ फक्त ३,००० रुपये भरा, असे त्याच आवाजात सांगण्यात आले. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आम्ही ठाण्यात नेऊन दिले आहे. त्याची पोच अजून मिळालेली नाही.