वांगासाठी लेझर की पील?

वांग म्हणजे चेहऱ्यावर उमटणारे तपकिरी चट्टे. त्यासाठी लेझर आणि पील दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितोय. लेझर म्हणजे प्रकाशाच्या किरणाने डागाचा रंग फोडणं, आणि पील म्हणजे आम्लाचं द्रावण लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं. माझं अडलं होतं ते दोन्ही पर्याय ऐकून घरी आल्यावर.

'पिगमेंटेशन' हा एकच शब्द आपण सगळ्या डागांना वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. माझ्या कानशिलावर उन्हाचा एक डाग होता, मसुरीएवढा, कडा अगदी आखीव. तो लेझरच्या एकाच सिटिंगमध्ये गेला. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण, चार-पाचदा टक् टक्, डाग क्षणभर पांढुरका पडला, मग काळी खपली धरली आणि आठव्या दिवशी तोंड पुसताना टॉवेलला लागून आली. असा सुटा, आखीव डाग असेल तर पीलच्या फंदात पडूच नका. नेव्हस ऑफ ओटा या निळसर डागाचंही तेच. त्याचा रंग त्वचेच्या खालच्या थरात असतो, नेहमीची पील तिथवर पोचतच नाहीत.

गालांवर मात्र वांग होता. (हो, पुरुषांनाही होतो. बायकांमध्ये जास्त दिसतो एवढंच.) कानशिलावरच्या यशाने मी भाळलो आणि गालांसाठीही लेझरच करायचं ठरवून टाकलं.

सोयीच्या बाबतीत लेझरला तोड नाही. डोळ्यांवर झाकणं ठेवून पडून राहायचं, कानाशी टकटक, बारीक लव जळल्याचा वास, आणि अर्ध्या तासात आपण बाहेर. वांगासाठी १०६४ नॅनोमीटरचा किरण कमी ताकदीवर पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यामुळे खपलीही धरत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर कुणाला कळलंसुद्धा नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सिटिंगनंतर त्वचेला किंचित सूज येते आणि त्या सुजेमुळे चेहरा तुकतुकीत दिसतो. सिटिंग दर दुसऱ्या शनिवारी असायचं आणि मी रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी उभा राहून फोटो काढायचो. फोटो झकास यायचे, मी खूश. पाचव्या सिटिंगच्या आदल्या दिवशी सहज म्हणून एक फोटो काढला आणि पहिल्या दिवसाच्या फोटोशेजारी ठेवला. डाग होता तिथेच होता, गालफडाच्या कडेला तर थोडा गडदच वाटला. दोन महिने मी वांगाचे नव्हे, सुजेचे फोटो काढत होतो! डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, अजून दोन करून बघू. म्हणतीलही, पण आपण पुढे चाललोय की मागे, हे पंधरा दिवस कळूच नये, हे मला सोसेना.

नंतर वाचत गेल्यावर थोडा उलगडा झाला. लेझर साठलेल्या रंगाचे कण फोडतो, ते कण शरीर हळूहळू उचलून नेतं. वांगात मात्र रंग तयार करणाऱ्या पेशीच चिडलेल्या असतात, आणि उष्णतेने त्या आणखी चिडू शकतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेत ही भीती जास्त. फार सिटिंग झाली तर उलटही होतं, गालावर पांढुरके ठिपके उमटतात. बरेच त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी आधी मलम, मग पील आणि लेझर सर्वांत शेवटी असा क्रम का लावतात, ते तेव्हा ध्यानात आलं.

मग ग्लायकोलिक आम्लाचं पील. सुरुवात ३० टक्क्यांनी, तीही जेमतेम दोन मिनिटं. ब्रश फिरला की आधी मुंग्या, मग जळजळ. घड्याळ लावलेलं असतं, पण डॉक्टरांचं लक्ष घड्याळापेक्षा चेहऱ्यावर. पहिल्याच वेळी नाकपुडीच्या कडेला लाली चढताना दिसली, तर तेवढीच जागा त्यांनी सोड्याच्या द्रावणाने पुसून घेतली. बारीक फेस आला, एक चटका बसला आणि तिथलं काम थांबलं. बाकीचा गाल आणखी चाळीस सेकंद चालू. सुरू झालेली गोष्ट मध्येच, हवी तिथे थांबवता येते, हे मला फार पटलं. सॅलिसिलिक या दुसऱ्या आम्लाच्या पीलचं असं नसतं. ते आपोआप थंडावतं आणि मागे पांढरी भुकटी सोडतं.

आता पीलचा जाच. आधी दोन ते चार आठवडे मलमं लावून त्वचा तयार करायची. त्यातलं ट्रेटिनॉइनचं मलम पीलच्या काही दिवस आधी बंद. आदल्या दिवसापासून दाढी नाही. मी एकदा विसरून सकाळी दाढी करून गेलो आणि जबड्याची रेघच्या रेघ पेटली. तिसऱ्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटतात आणि भेटेल तो विचारतो, काय झालं तोंडाला? पापुद्रा ओढायचा नाही. मी एक ओढला, त्या जागेचा डाग दीड महिना राहिला.

तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा पील झाली. वांग गेला नाही, पुसट झाला. आता खिडकीपाशी शोधावा लागतो. यात पीलचं श्रेय किती आणि मलमांचं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. शिवाय रंगीत सनस्क्रीन मी याच काळात नेमाने लावायला लागलो. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे दिसणारा प्रकाशही अडतो, आणि वांगाला तोही बाधतो. लेझरच्या दिवसांत मी त्याबाबतीत ढिलाच होतो, म्हणजे तुलना अगदी न्याय्य नाही.

तरीही कुणी विचारलं तर मी पील म्हणतो, आणि तेही सौम्य. वूड्सच्या दिव्याखाली (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) डाग उठून दिसत असेल, म्हणजे वरच्या थरातला असेल, तर जरा ठामपणे म्हणतो. खोल असेल तर दोन्हींकडून फार आशा धरू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर सॅलिसिलिकचं नाव काढू नका. आणि बाटली मागवून घरी पील करणं, ते तर नकोच.

कानशिलावरचा तो डाग मात्र परत आलेला नाही. त्याच्या शेजारी तसाच दुसरा उगवू पाहतोय. त्याच्यासाठी लेझरचीच वेळ घेतली आहे, गालाला हात लावायचा नाही असं आधीच बजावून.