यकृतातील गाठ आणि मळमळ: सुई की दाब?

यकृताच्या गाठीवर उपचार सुरू असताना मळमळ, वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून ॲक्युपंक्चर (बारीक सुया टोचणे) घ्यावे की ॲक्युप्रेशर (ठरावीक बिंदू दाबणे), हा प्रश्न अनेकांना पडतो. गाठ दोन्हींमुळे आकसत नाही.

खरा फरक सुरक्षिततेचा आहे. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात आणि सिरॉसिसमध्ये (यकृतात व्रण साठून ते कडक होण्याच्या आजारात) प्लीहा वाढून प्लेटलेटही (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) घटतात, त्यामुळे बारीक सुईनेही रक्तस्राव होऊ शकतो. पोटात पाणी झाले असल्यास तिथे सुई टोचू देऊच नये. दाबाला हा धोका फारसा नाही: मळमळीसाठी तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटांच्या अंतरावर, दोन कंडरांच्या (त्वचेखाली जाणवणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या) मधोमध अंगठ्याने दाबायचे, तेही घरीच आणि विनाखर्च.

वेदना हीच मुख्य तक्रार असून प्लेटलेट व आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) पाहून कर्करोगतज्ज्ञांनी संमती दिली असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीकडून निर्जंतुक सुयांनी ॲक्युपंक्चर घ्यावे. प्लेटलेट कमी असतील किंवा केवळ मळमळ असेल, तर दाबच बरा, मात्र उलटीची गोळी बंद न करता.