डॅब रेडिओ दहा महिने वापरल्यावर

गेल्या मार्चमध्ये इथे इंग्लंडमध्ये स्लाऊच्या घरी किचनसाठी डिजिटल रेडिओ घेतला, ४५ पौंडाला, डॅब (हवेतून येणारं डिजिटल रेडिओ प्रसारण), त्याचाच नवा प्रकार डॅब प्लस आणि एफएम तिन्ही असलेला. पहिले दोन आठवडे मला तो खराबच पीस वाटत होता, कारण फ्रीजशेजारी ठेवला की मधेच बुडबुडे आल्यासारखा आवाज यायचा आणि मग एकदम शांत. एफएमला सिग्नल कमी झाला की खरखर वाढते पण बोलणं कळतं, डिजिटलला तसं नाही, एका मर्यादेपर्यंत सगळं स्वच्छ आणि त्याखाली गेलं की काहीच नाही.

परत करणार होते, तेवढ्यात जागा बदलून बघितली. ओट्यावरून उचलून खिडकीत ठेवला, एरियल तिरकी होती ती सरळ उभी केली (इथलं डॅब उभ्या एरियललाच नीट धरतं), आणि पूर्ण न ताणता साधारण ३३ सेंटिमीटरच बाहेर काढली. बीबीसीचा नॅशनल डॅब २२५.६४८ मेगाहर्ट्झवर आहे, त्या लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतकी ही लांबी होते. सिग्नलच्या दोन काड्यांच्या पाच झाल्या आणि बुडबुडे गेले ते गेलेच!

ट्यूनिंगची भानगड नाही. त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर बीबीसीची सगळी नॅशनल स्टेशनं एका गठ्ठ्यात येतात आणि देशभरचे टॉवर तेच वापरतात, त्यामुळे रेडिओ मँचेस्टरला नेला तरी रेडिओ फोर तसाच लागला. लोकल स्टेशनांसाठी मात्र परत स्कॅन करावं लागलं.

सेकंड हँड घेणार असाल तर डॅब प्लस आहे ना ते आधी बघा. जुन्या नुसत्या डॅबच्या सेटवर बीबीसी लागतं पण बरीच खाजगी स्टेशनं लागतच नाहीत, त्यांचा ऑडिओ वेगळ्या फॉरमॅटमध्ये असतो. बॅटरीही डॅबवर पटापट उतरते, एफएमच्या मानाने खूपच, म्हणून मी तो प्लगवरच ठेवते.

आवाज एफएमपेक्षा दोनेक सेकंद मागे असतो. बेडरूममध्ये एफएम आणि किचनमध्ये डॅब एकदम लावलं तर घरभर घुमतं, आणि तासाचे पिप्स (बीबीसीवर तास भरताना वाजणारे टोले) ऐकून घड्याळ लावू नका. पण फोनवरचं ॲप त्याहूनही मागे. ४ ऑगस्टला ओव्हलवर सिराजने ॲटकिन्सनची दांडी उडवली, आपण ६ रनांनी जिंकलो, तेव्हा मी कणीक मळत होते, तशाच हातांनी ओरडत हॉलमध्ये गेले तर नवरा कानात इअरफोन घालून बसलेला, त्याच्याकडे अजून तो बॉल पडलाच नव्हता. तेव्हापासून मॅच असली की तोही किचनमध्ये येऊन बसतो.

डिसेंबरमध्ये पुण्याला बाबांसाठी हाच रेडिओ घेऊन गेले. डॅबवर स्कॅन केला तर शून्य स्टेशनं. आकाशवाणीने मीडियम वेव्हसाठी डीआरएम हे वेगळंच डिजिटल तंत्र घेतलंय, त्याला रिसीव्हर वेगळा लागतो, तिथल्या काही नव्या गाड्यांत तो येतो पण आपल्या या सेटमध्ये नाही. त्यामुळे इथून भारतात भेट म्हणून नेणार असाल तर फक्त एफएमच चालेल हे धरूनच न्या. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी ॲडॅप्टर शोधून प्लग लावला, विविध भारती लावलं आणि आवाज चांगला मोकळा आहे म्हणाले. तो तिथेच ठेवून आले, परत आल्यावर इथे तसाच दुसरा घेतलाय.